एक तंतू, अनेक वाटेकरी

१/ पाणी एक, शिवारे अनेक; मग आधी कोणाचे? राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम हाती घेतले, त्या कोल्हापूरला हा प्रश्न नवा नाही. दूरसंचाराचा इतिहासही याच प्रश्नाभोवती फिरतो. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ एकेकाळी तारांच्या एका जोडीवरून एका वेळी एकच संभाषण होई. कोल्हापुरातून मुंबईशी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसावे लागे. कॉलचे प्रकार तीन : ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. जो अधिक दर मोजील, त्याची पाळी आधी.

३/ १९५३ साली भारतात १२ मार्गांची कॅरियर प्रणाली आली. प्रत्येक संभाषणाला निराळी वारंवारता मिळाली. एकाच आकाशात अनेक नभोवाणी केंद्रे नांदावीत, तशी एकाच तारेवर १२ संभाषणे नांदू लागली.

४/ १९७५ साली मुंबई शहर व अंधेरी यांच्या दरम्यान पहिली पीसीएम प्रणाली सुरू झाली. यात आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेऊन त्यांचे अंकांत रूपांतर करतात. एकाच्या दोन नमुन्यांमधील रिकाम्या क्षणांत इतरांचे नमुने धावतात. शेतकऱ्यांच्या भाषेत सांगायचे तर ही काळाची शेजपाळी!

५/ तोवर काचेनेही कात टाकली होती. काचेत प्रकाश विझतो तो मुख्यतः तिच्यातील अशुद्धीमुळे, असे चार्ल्स काव यांनी १९६६ साली दाखवले. २००९ साली त्यांना नोबेल मिळाले. भारतात स्थानिक एक्स्चेंजांना जोडणारी पहिली प्रकाशीय तंतू प्रणाली १९७९ साली पुण्यात कार्यान्वित झाली.

६/ पुढे एकाच तंतूतून निरनिराळ्या रंगांचे, म्हणजेच तरंगलांबींचे, प्रकाशझोत धावू लागले. प्रत्येक झोत हा जणू स्वतंत्र तंतूच.

७/ आज घराघरांत येणाऱ्या फायबरच्या जीपॉन पद्धतीत एक तंतू विजेविना चालणाऱ्या स्प्लिटरमधून, समजा, ३२ घरांत विभागला जातो. येणारा प्रकाश सर्वांकडे पोहोचतो. प्रत्येक मोडेम आपलाच मजकूर उचलतो. घरांनी पाठवायचे मात्र पाळीने, अन्यथा संदेश एकमेकांवर आदळतील. एकूण क्षमता सेकंदाला सुमारे २,४८८ मेगाबिट. सर्वांनी एकाच क्षणी मागणी केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ७७! सगळे एकदम मागत नाहीत, या भरवशावरच ही व्यवस्था चालते.

८/ म्हणजे तंत्र बदलले, प्रश्न तोच राहिला : पाळी कोण ठरवणार? ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार डेटाचे वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली. २०१८ साली केंद्र सरकारने नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वे स्वीकारली : एखाद्या संकेतस्थळाला पुढची पाळी आणि दुसऱ्याला मागची, असा पंक्तिप्रपंच नको.

९/ लाइटनिंग कॉल इतिहासजमा झाला. पण पैसेवाल्याने पाळी मोडू नये, यासाठी नियम लागतात आणि त्या नियमांवर पहाराही. तो पहारा ठेवणे आता आपल्या पिढीचे काम आहे.