दिनविशेष : २३ फेब्रुवारी
१९९० : मेंदूतल्या घड्याळाची अदलाबदल

अमेरिकेतील चेताशास्त्रज्ञ मायकेल मेनाकर, मार्टिन राल्फ आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आजच्या दिवशी ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. झोप-जागेचं २४ तासांचं चक्र चालवणारं घड्याळ मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या चेता एकमेकींना छेदतात त्याच्या लगेच वर असावं, असा अंदाज १९७२ पासून होता. तेवढा भाग नष्ट केला की उंदरांचा दिनक्रम पार विस्कटे. पण काटा मोडल्यावर वेळ कळेनाशी झाली, म्हणून काटाच घड्याळ ठरत नाही. हा आक्षेप रास्तच होता.

तिढा सुटला तो एका हॅमस्टरमुळे. प्रयोगशाळेत आलेल्या प्राण्यांत राल्फ यांना एक नर वेगळाच आढळला. सततच्या अंधारात ठेवल्यावर तो साधारण दर २२ तासांनी चाकावर धावू लागे. त्याच्या वंशात तर २० तासांचा ‘दिवस’ असणारी पिल्लं निघाली. मग घड्याळ गमावलेल्या हॅमस्टरांच्या मेंदूत दुसऱ्या जातकुळीच्या भ्रूणातील त्याच भागाच्या पेशी बसवल्या. चक्र पुन्हा सुरू झालं, आणि ते दात्याचं! साध्या हॅमस्टरला २० तासांच्या भ्रूणाच्या पेशी मिळाल्या, की तोही २० तासांवर चाले. उलट केलं तर उलट. इतका स्वच्छ निकाल जीवशास्त्रात क्वचितच लागतो.

हॅमस्टरमधल्या त्या बदलामागचं जनुक मात्र २००० मध्ये सापडलं.