पोळ्यातला राजा

पोळ्यातील सर्वांत मोठी मधमाशी हा राजाच, अशी युरोपची दीर्घकाळ समजूत होती. अ‍ॅरिस्टॉटलने तिला पुल्लिंगी नावे दिली. काही लोक तिला 'माता' म्हणतात, अशी नोंदही त्यानेच केली. (हा लोकांचा शब्द अधिक अचूक होता.) व्हर्जिलच्या 'जॉर्जिक्स'मध्ये राजा आहे, शेक्सपिअरच्या 'हेन्री द फिफ्थ'मध्येही सुव्यवस्थित राज्याचा दाखला म्हणून तोच येतो. वास्तविक ही माशी मादी असून अंडी घालते, हे लुइस मेंदेस दे तोरेस या स्पॅनिश लेखकाने १५८६ मध्येच लिहिले होते. इंग्लंडमध्ये चार्ल्स बटलर या धर्मोपदेशकाचे 'द फेमिनिन मोनार्की' १६०९ मध्ये आले; एलिझाबेथ राणीला जाऊन तेव्हा सहाच वर्षे झाली होती. राणीच्या राज्यात वाढलेल्याला पोळ्यात राणी दिसावी, यात नवल ते काय! पुढे त्याच शतकात डच संशोधक यान स्वामरडाम याने विच्छेदन करून तिचे अंडाशय दाखवले.

लिंग सुधारले, राजेशाही मात्र शाबूत राहिली. मराठीतही आपण 'राणीमाशी'च म्हणतो. पण ही राणी हुकूम सोडत नाही. थवा पोळे सोडतो तेव्हा नव्या घराची जागा शोधक कामकरी माश्या नाचून सुचवतात, आणि त्यांच्यातच ती ठरते, हे मार्टिन लिंडाउअर यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले. राणी थव्याबरोबर जाते, इतकेच.