पद्मिनीचे अखंड आसन 🧵

१/ सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट ११०० ला १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले.

२/ तिचे पुढचे आसन बाकासारखे अखंड. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, त्यामुळे मधली जागा मोकळी आणि पुढे तिघांची सोय. मोटारीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागे, त्या काळात अख्खे कुटुंब एका गाडीत मावणे मोलाचे होते.

३/ १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला. पुढच्याच वर्षी डिसेंबरात मारुती ८०० आली, पुढे दोन स्वतंत्र आसने घेऊन. मग जुन्या पद्मिनीतही तशी आसने बसवण्याची हौस निर्माण झाली.

४/ घरी हे काम अडते ते रुळांपाशी. बोल्टची छिद्रे जुळत नाहीत. मग तळाच्या पत्र्याला नवी छिद्रे पडतात, वेल्डिंग होते.

५/ २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातील गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी वा इंजिनातील फेरफार त्या आड येतो. १९७४ च्या पद्मिनींनी ही पन्नाशी ओलांडली आहे.

६/ नांदेड-लातूरकडे कुणाच्या घरी अशी पद्मिनी असेल, तर आसने अवश्य बदलावीत. मात्र जुन्याच छिद्रांवर बसणारी चौकट करून घ्यावी आणि मूळ बाक भंगारात देऊ नये. तिघांना पुढे बसवणारा तो काळ सांगणारा दस्तऐवज तोच आहे.