धुराचें सामर्थ्य आणि तेलाची बचत

चिकलठाण्याच्या पूर्वेस, शेंद्रें येथें, २००१ सालीं स्कोडा मोटारींचा कारखाना सुरू झाला. तेथील ऑक्टेव्हियाच्या १.९ लिटर डिझेल इंजिनास टर्बोचार्जर असे. ह्या यंत्रानें खरोखर तेल वांचतें काय?

इंधनाच्या उष्णतेचा सुमारें तिसरा हिस्सा धुराबरोबर वायां जातो. त्या धुरानें चक्र फिरवून इंजिनांत हवा दाबून भरावी, ही कल्पना स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांची. तिचें पेटंट १९०५ चें. १९६२ त ती अमेरिकन मोटारींत आली, ती वेगाच्या हौसेनें. दाब वाढतांच पेट्रोल अवेळीं पेटून इंजिनास धक्के बसत. म्हणून ओल्ड्समोबिल जेटफायरमध्यें पाणी व मद्यार्क यांचें मिश्रण फवारावें लागे. १९७३ च्या तेलटंचाईनें दृष्टि पालटली. डिझेल इंजिनांत आधीं केवळ हवाच दाबली जात असल्यामुळें ही अडचण नव्हती. १९७८ मध्यें मर्सिडीजनें टर्बो डिझेल मोटार विक्रीस आणली.

तात्पर्य, दाब स्वतः तेल वांचवीत नाहीं. मोठ्या इंजिनाचें काम लहान इंजिनाकडून करून घेतलें, तर घर्षण घटून बचत होते. वाढीव हवेबरोबर वाढीव तेल जाळून वेगच साधला, तर ती बचत त्या वेगांतच खर्ची पडते.