यवन इरिलाचे पाणी

जुन्नर म्हटले की आपल्याला सातवाहन, नाणेघाट आणि शिवनेरी आठवते. पण याच जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत इरिला नावाच्या एका माणसाचे नाव कोरलेले आहे. तो यवन होता, म्हणजे परदेशी वंशाचा. त्याच्या नावामागे ना राजपद, ना अमात्यपद. त्याचे आयुष्य एका ओळीत उरले आहे: त्याने दोन पोढी दान दिल्या. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके.

तो काळ धामधुमीचा होता. नाणेघाटाचा व्यापारी मार्ग कोणाच्या ताब्यात असावा, यासाठी सातवाहन आणि क्षत्रप झगडत होते. नहपानाचा अमात्य अयम याचा, वर्ष 46 चा लेख मानमोडीच्या डोंगरात आहे. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभीला सापडलेल्या हजारो नाण्यांवर नहपानाच्या छापावरच गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला दिसतो.

आता गंमत बघा. अमात्य अयमनेही मंडपासोबत पोढीच दान दिली. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या ठेवीचाही लेख इथे आहे. अमात्य, परदेशी, व्यापारी, कारागीर, सगळ्यांच्या दानाची नोंद एकाच लेणीसमूहात! आणि दान कशाचे, तर पाण्याचे.

याच महाराष्ट्रात 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. इथेच जन्मलेल्या माणसाला सार्वजनिक पाणी बंद! बाबासाहेबांनी 1948 च्या आपल्या ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम इसवी सन 400 च्या सुमाराचा मांडला. एकट्या इरिलाच्या लेखाने तो सिद्धांत सिद्ध होत नाही, हे मान्य. पण 'हे अनादी काळापासून असेच चालत आले आहे' असे सांगणाऱ्याला जुन्नरचा खडक नक्कीच प्रश्न विचारतो.

आज लेण्याद्रीला लाखो लोक गिरिजात्मजाच्या दर्शनाला जातात. ते देऊळ मुळात बौद्ध विहार आहे आणि शेजारीच चैत्यगृह आहे, हे त्यांतल्या किती जणांना कोणी सांगते? श्रद्धा ज्याची त्याने जपावी, पण इतिहास पुसू नये.

पुढच्या वेळी जुन्नरला जाल, तेव्हा मुलांना किल्ल्याबरोबर लेण्यांतले शिलालेखही दाखवा. आपला इतिहास तिथे राजांच्या नव्हे, पाणी देणाऱ्या माणसांच्या नावाने लिहिलेला आहे.

जय भीम.