वर्ग, कपात आणि कल्पना

१ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्य संपले आणि तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेल्या हिंगोलीच्या तहसिलीतले कारकून मुंबई राज्याकडे ‘वर्ग’ झाले. धातू ‘वृज्’, म्हणजे वळवणे, दूर सारणे. ‘वर्ज्य’ही त्याच कुळातला. वेगळा काढलेला गट तो वर्ग, हे उमजते; पण ‘वर्ग करणे’ला हस्तांतराचा अर्थ आला कुठून? जमाखर्चातून असावा. रक्कम या खात्यातून त्या खात्यात मांडायची, आकडा तोच. नोकरांचा ‘आकडा’ राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११५व्या कलमाने सांभाळला: केंद्राच्या पूर्वमंजुरीवाचून सेवाशर्ती त्यांच्या तोट्याच्या करायच्या नाहीत. उर्दू दप्तरातला ‘तबादला’ आणि आपली ‘बदली’ दोन्ही अरबी ‘बदल’चीच लेकरे दिसतात, पण त्या शब्दांत खात्याची ही हमी नाही.

खासगी नोकरांना असे कलम कुठले! मिरज-कुर्डुवाडी-लातूरची बार्शी लाइट रेल्वे १ जानेवारी १९५४ला सरकारने घेतली. कंपनीने साऱ्यांची नोकरी संपवली; बहुतेकांना सरकारी रेल्वेने पुन्हा घेतले. ही ‘कपात’ का, आणि तिची भरपाई द्यायची का? वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २७ नोव्हेंबर १९५६ला निकाल लागला: चालू धंद्यातले जास्तीचे कामगार काढणे ती कपात, धंदाच मिटला किंवा दुसऱ्याकडे गेला तर नव्हे.

व्युत्पत्ती न्यायालयाच्या बाजूने दिसते. ‘कापणे’ म्हणजे संस्कृत ‘कल्पयति’, प्राकृत ‘कप्पेइ’: आधी नीट लावणे, मग छाटून बेताचे करणे. संस्कृतात ‘कल्पनी’ म्हणजे कात्री आणि ‘कल्पक’ म्हणजे न्हावी. (कल्पक अधिकाऱ्यांनी रागावू नये.) बेताचे करायला मूळ वस्तू शिल्लक हवी. शेवटचा ‘आत’ मात्र जकात-खैरातीच्या वळणावर बसला असावा.

पण व्युत्पत्तीने चूल पेटत नाही. १९५७ साली संसदेने औद्योगिक विवाद कायद्याचे कलम २५ एफएफ नव्याने लिहिले आणि निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून लागू धरले. मालक बदलताना सेवा अखंड राहिली, अटी कमी झाल्या नाहीत, पुढे काढल्यास जुन्या वर्षांसकट भरपाईचा भार नव्या मालकाने घेतला, तर प्रश्न मिटला. नाहीतर नोटीस आणि पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, ‘जणू कपात झाली’ असे धरून. म्हणजे कपात नसलेली कपात कल्पायची. आणि ‘कल्पणे’ही त्याच कॢप् धातूचे. मसुदा लिहिणाऱ्याच्या हे ध्यानीमनीही नसावे.