पासबुक प्रिंटर : जोडणी व दुरुस्ती

बँकेच्या पासबुकात जमा-नावे नोंदी छापणारे डॉट मॅट्रिक्स यंत्र. एप्सन पीएलक्यू-२० आणि ऑलिव्हेटी पीआर-२ ही त्यांतील परिचित नावे. छपाईच्या डोक्यातील बारीक पिना (पीएलक्यू-२० मध्ये २४) शाईच्या रिबिनीवर आपटतात व अक्षर उमटते. पासबुक जाड, मधोमध शिवलेले. शिवाय त्यात मागच्या नोंदीखालच्या ओळीपासूनच पुढे छापावे लागते. लेसर प्रिंटरला ते जमत नाही, म्हणून हे तंत्र बँकांत टिकून आहे.

बाळापूरसारख्या (जि. अकोला) तालुक्याच्या गावी या यंत्राचे मोल अधिक आहे. पीककर्ज, पीकविमा किंवा २०१९ पासून मिळणारा पीएम-किसानचा दोन हजारांचा हप्ता जमा झाला की खेड्यांतली माणसे ‘एंट्री मारून’ घ्यायला शाखेत येतात. मोबाइलवरचा संदेश पुसला जातो. छापील नोंद मात्र घरात राहते. प्रिंटर बंद पडला की बसभाडे वाया जाते आणि मजुरीही बुडते.

बिघाडाचे मूळ पुष्कळदा यंत्रात नसून जुळणीत असते. पीएलक्यू-२० हा एप्सनच्या स्वतःच्या आज्ञांबरोबरच आयबीएम, ऑलिव्हेटी व विनकॉर-निक्सडॉर्फ यांच्या पद्धतीच्या आज्ञाही पाळू शकतो. बँकेची प्रणाली पीआर-२ च्या आज्ञा पाठवत असेल आणि यंत्र एप्सनच्या पद्धतीवर ठेवलेले असेल, तर भलतीच चिन्हे छापली जातात. अशा वेळी ड्रायव्हर पुनःपुन्हा टाकून उपयोग नाही. यंत्रातली निवड आधी तपासावी. सिरियल केबल असेल, तर दोन्ही बाजूंचा बॉड दर आणि पॅरिटीही सारखी हवी.

ओळी सरकणे हा दुसरा नेहमीचा दोष. इंचाला सहा ओळी धरल्या तर दोन ओळींत सुमारे ४.२ मिमी अंतर पडते, आठ धरल्या तर ३.२ मिमी. प्रत्येक ओळीला एक मिलिमीटर चुकला की विसाव्या ओळीपर्यंत छपाई दोन सेंटिमीटर भरकटते व मधल्या घडीवर चढते. विंडोजमध्ये पासबुकाच्या मापाचा कागद नोंदवलेला नसून ए-४ राहिला असेल, तरीही जागा चुकते.

यूएसबी केबल दुसऱ्या खाचेत लावली की विंडोज कधीकधी त्याच प्रिंटरची दुसरी प्रत तयार करते. छपाईचे काम मात्र जुन्याच नावाकडे जाऊन अडून राहते. प्रिंट स्पूलर थांबवून रांग रिकामी करावी, तो पुन्हा सुरू करावा आणि योग्य पोर्ट निवडावा. जुनी प्रणाली फक्त एलपीटी-१ ओळखत असेल, तर प्रिंटर शेअर करून ‘नेट यूज’ आज्ञेने तो त्या पोर्टशी जोडता येतो. चौसष्ट बिटी विंडोजला बत्तीस बिटी ड्रायव्हर चालत नाही.

आधी यंत्राची स्वचाचणी घ्यावी. तिची छपाई नीट आली तर दोष बहुधा संगणक, केबल किंवा जुळणीकडे. फिकी आली तर रिबिन पाहावी, अक्षरात आडवी पांढरी रेघ दिसली तर पिना. वऱ्हाडी उन्हाळ्यातली बारीक धूळ कागदाची कड ओळखणाऱ्या सेन्सरवर बसली की पासबुक तिरके ओढले जाते किंवा परत फेकले जाते. कोरड्या मऊ ब्रशने सेन्सर झाडावेत.

प्रत्येक दुरुस्तीनंतरची चाचणी रद्द झालेल्या पासबुकावर घ्यावी, ग्राहकाच्या कधीही नाही. नोंदीवर नोंद छापली गेली तर दोन्ही वाचता येत नाहीत. व्यवहाराचा पुरेसा तपशील पासबुकात द्यावा, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना कळवले आहे. त्यामुळे तपशिलाच्या रकान्याची रुंदी ठरवताना अक्षरे कापली जात नाहीत ना, हेही त्याच चाचणीत पाहून घ्यावे.